स्नायूच्या अलीकडे, स्नायूच्या पलीकडे

लघवीतून रक्त जातं, दुखत मात्र काही नाही. दोन दिवसांनी रक्त आपोआप थांबतं आणि माणूस 'उष्णता झाली असेल' म्हणून विषय सोडून देतो. मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली गाठभेट बऱ्याचदा अशी असते. पुढे कधीतरी सोनोग्राफी होते, युरॉलॉजिस्ट मूत्रमार्गातून दुर्बीण घालतो, गाठ दिसते, ती खरवडून काढली जाते आणि तुकडे पॅथॉलॉजिस्टकडे जातात. रिपोर्ट आला की घरच्यांची नजर 'कर्करोग' या शब्दावर अडते. डॉक्टर त्याखालची ओळ शोधत असतात: तुकड्यांत स्नायू आला आहे का, आणि आला असेल तर त्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का?

मूत्राशयाची भिंत थराथरांची आहे. सगळ्यात आत युरोथेलियम नावाचं पातळ अस्तर. बहुसंख्य गाठी याच अस्तरातून निघतात. त्याखाली रक्तवाहिन्या आणि तंतूंचा मऊ थर, मग लघवी बाहेर ढकलणारा डिट्रूसर स्नायू आणि त्याच्याही बाहेर चरबी. अस्तरातच राहिलेली गाठ 'टीए', मऊ थरात उतरलेली 'टी१', स्नायूत शिरलेली 'टी२'. निदान होतं तेव्हा चारांतल्या साधारण तीन गाठी स्नायूच्या अलीकडे असतात. त्या खरवडता येतात, मूत्राशयात बीसीजीची लस सोडून दाबता येतात. त्या पुन्हा पुन्हा उगवतात, रुग्णाच्या दुर्बिणीच्या फेऱ्या वर्षानुवर्षं चुकत नाहीत, पण असे बहुतेक रुग्ण या रोगाने मरत नाहीत. स्नायूत शिरलेल्या गाठीचा हिशेब निराळा. केमोथेरपी, मूत्राशय काढून टाकणं, बहुतेकदा पोटावर लघवीची पिशवी लावून उरलेलं आयुष्य. आणि एवढं सोसूनही जवळजवळ निम्म्या रुग्णांत रोग लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत किंवा हाडांत पुन्हा डोकं वर काढतो. २०२२ साली जगात या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे २ लाख २० हजार मृत्यू. पुरुषांत प्रमाण स्त्रियांच्या तिप्पट-चौपट. कारणांत तंबाखूचा धूर सगळ्यांत वर; सिगारेटचा असो की बिडीचा.

खरी कोंडी टी१ची. गाठ उंबरठा ओलांडून आत आली आहे, पण स्नायूला अजून शिवलेली नाही. आत्ताच मूत्राशय काढावं, तर कदाचित बीसीजीवर बऱ्या झालेल्या माणसाला जन्मभराची पिशवी लागते. थांबावं, तर दरम्यान पेशी निसटून गेलेल्या असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन टी१ गाठींपैकी एक तशीच पडून राहते आणि दुसरी वर्षभरात यकृतात पोचते. या दोघींतला फरक सांगणारी खूण पेशीच्या आत, जनुकांत किंवा प्रथिनांत लिहिलेली असणारच, या खात्रीवर गेली चाळीस वर्षं शोध चालू आहे. असे शेकडो मार्कर जाहीर झाले. रोजच्या रिपोर्टमध्ये त्यांतले फार थोडे पोचले. ते का अडले आणि जे पोचले ते कोणत्या वाटेने पोचले, हे पाहिल्याशिवाय नुसती यादी वाचण्यात फारसा अर्थ नाही.

शोधाची सुरुवात मोठी दिमाखदार होती. १९७०च्या सुमारास एका वृद्ध महिलेच्या मूत्राशयातल्या गाठीतून प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशींची एक ओळ तयार झाली. तिचं नाव टी-२४. १९८२मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग, मारियानो बार्बासिड आणि मायकेल विगलर यांच्या प्रयोगशाळांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतूनच माणसातलं पहिलं कर्कजनुक वेगळं काढलं. ते होतं एच-रास. त्यातलं एकच अक्षर बदललेलं होतं. त्यामुळे प्रथिनातल्या बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलीन आलं होतं. एका अक्षराने निरोगी पेशी बिघडते, ही कल्पना तेव्हा अंगावर काटा आणणारी होती. वाइनबर्ग यांनी ईजे नावाची दुसरी ओळ वापरली होती, पण लवकरच उघड झालं की ईजे म्हणजे टी-२४च; प्रयोगशाळेत कधीतरी सरमिसळ झालेली. पुढे २००१मध्ये प्रोस्टेटची म्हणून वापरली जाणारी टीएसयू-पीआर१ ही ओळही टी-२४च निघाली. एका बाईची गाठ किती नावांनी किती शोधनिबंधांत फिरली असेल, याचा हिशेब कुणी मांडला तर तो मनोरंजक होईल आणि थोडा लाजिरवाणाही. विनोद सोडला तरी मुद्दा राहतोच: एच-रासमधला हा बदल प्रत्यक्ष रुग्णांच्या थोड्याच गाठींत सापडतो. बशीतल्या पेशींवर ठळक दिसणारी खूण वॉर्डात उपयोगी पडेलच असं नाही, हा धडा पहिल्याच प्रकरणात मिळाला होता. तो पुढे अनेकदा पुन्हा शिकावा लागला.

मग दोन वाटांचं चित्र तयार झालं. १९९९मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की मूत्राशयाच्या गाठींत एफजीएफआर-३ या वाढीच्या संदेशग्राहीत वारंवार बदल होतात. हे बदल मुख्यतः शेवाळाच्या झुपक्यासारख्या वाढणाऱ्या, कमी ग्रेडच्या टीए गाठींत असतात. अशा गाठींत त्यांचं प्रमाण निम्म्याहून बरंच वर जातं. याउलट स्नायूत शिरलेल्या गाठींत टीपी-५३ आणि आरबी-१ ही पेशींना लगाम घालणारी जनुकं मोडलेली आढळतात. टीपी-५३ जवळजवळ निम्म्या गाठींत. नवव्या गुणसूत्राचे तुकडे गळणं दोन्ही वाटांवर दिसतं, म्हणजे ते मूळ रस्त्यावरचं असावं. टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागातला बदल २०१३नंतर सर्व टप्प्यांच्या बहुसंख्य गाठींत दिसला. लघवीत रोग आहे की नाही हे हुडकायला तो चांगला. किती खोल गेला हे सांगायला मात्र कुचकामी, कारण तो सगळ्यांकडेच आहे. नेमकं हेच यादीत हरवतं. एखादी खूण कर्करोगात वारंवार सापडणं वेगळं आणि ती खोलीशी बांधलेली असणं वेगळं.

दोन वाटांचं चित्र सुबक आहे, म्हणून त्यावर जरा संशय घ्यावा. एफजीएफआर-३ बदललेल्या काही गाठीही स्नायूत शिरतात. २०१२मध्ये असं दिसलं की त्यांतल्या ज्या गाठींनी नवव्या गुणसूत्रावरचं सीडीकेएन-२ए हे जनुक गमावलं आहे, त्यांचा कल स्नायूकडे जास्त असतो. म्हणजे दोन वाटांना जोडणारी एक पायवाटही आहे.

या सगळ्या शोधातली सर्वांत शिकवणारी गोष्ट पी-५३ची. टीपी-५३ जनुकातून तयार होणारं पी-५३ प्रथिन बिघडलं की पेशीच्या केंद्रकात साचतं आणि साध्या रंगप्रक्रियेने तपकिरी दिसतं. कुठल्याही बऱ्या पॅथॉलॉजी लॅबला जमणारी गोष्ट. १९९४मध्ये लॉस एंजेलिसच्या गटाने मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांचे निष्कर्ष छापले. स्नायूपर्यंत न पोचलेल्या पी१ टप्प्यात पी-५३ न साचलेल्यांपैकी ७ टक्क्यांत पाच वर्षांत रोग परतला. साचलेल्यांपैकी ६२ टक्क्यांत. इतका फरक दिसल्यावर कुणाचाही विश्वास बसेल. अनेक गटांनी तो प्रयोग आपापल्या कपाटातल्या, गाठींचे तुकडे जपलेल्या जुन्या मेणाच्या ठोकळ्यांवर केला. कुणाला तेच दिसलं, कुणाला काहीच दिसलं नाही. कुणी १० टक्के पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह म्हणत होतं, कुणी २० टक्के. रंगाचं रसायन वेगळं, ठोकळ्याचं वय वेगळं, मोजणारे डोळे वेगळे.

शेवटी या क्षेत्रात क्वचितच होतं ते झालं: मार्करलाच परीक्षेला बसवलं गेलं. मूत्राशय काढल्यानंतर ज्यांचा रोग मूत्राशयापुरता होता अशा ५२१ रुग्णांची नोंदणी झाली, ४९९ जणांचं पी-५३ तपासलं, २७२ पॉझिटिव्ह निघाले. त्यांना चिठ्ठ्या टाकून केमोथेरपी किंवा नुसती देखरेख द्यायची होती. त्यासाठी तयार झाले फक्त ११४. २०११मध्ये निकाल छापून आला. केमोचा फायदा नाही, आणि पी-५३ पॉझिटिव्ह-निगेटिव्ह यांच्या भवितव्यातही फरक नाही. रोग अपेक्षेपेक्षा कमी जणांत परतला होता आणि चिठ्ठीला तयार झालेले थोडे होते, त्यामुळे ही चाचणी पी-५३ला कायमचं फेटाळते असं म्हणणं अन्याय होईल. पण सतरा वर्षांपूर्वीचा सात-विरुद्ध-बासष्टचा फरक खरा असता, तर इतक्या लोकांत त्याची सावली तरी पडायला हवी होती. माझ्या मते या चाचणीचं महत्त्व औषधाच्या निकालापेक्षा जास्त आहे. मार्करांच्या अभ्यासांत काय काय उघड सांगितलंच पाहिजे याची 'रिमार्क' नावाची नियमावली २००५मध्ये आली होती. ती का लागते, हे पी-५३ने दाखवून दिलं.

आता स्वतः घुसखोरीकडे. अस्तरातल्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन या प्रथिनाने धरून असतात. हात सुटले तर पेशी एकट्या होतात, लांबुळक्या होतात, एन्झाइमांनी समोरचं जाळं विरघळवत पुढे सरकतात. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज-२ आणि ९ ही त्यांतली वारंवार येणारी नावं. खोल गाठींत ई-कॅडहेरिन कमी असतं आणि अशा रुग्णांचं आयुष्यही कमी, हे १९९३मध्येच छापून आलं होतं. ई-कॅडहेरिनची टंचाई हे कारण की परिणाम, हा वाद अजून मिटलेला नाही. पण एका प्रकारात तो जवळजवळ मिटला. प्लाझ्मासायटॉइड नावाचा एक दुर्मीळ प्रकार आहे. त्यात पेशी मुळी गोळा होऊन गाठ बनवतच नाहीत. मोत्यांची माळ तुटल्यासारख्या सुट्ट्या पसरत जातात आणि पोटाच्या अस्तरावर पोचतात. २०१६मध्ये दिसलं की या प्रकारच्या ८४ टक्के गाठींत ई-कॅडहेरिनचं जनुकच मोडलेलं आहे. खूण आणि वागणूक यांचा एवढा सरळ संबंध या रोगात दुसरीकडे मला दिसलेला नाही.

इतरत्र मात्र पेशी इतक्या सरळ वागत नाहीत. हात सोडून निसटलेली पेशी दूरच्या हाडात पोचली की तिला पुन्हा वसाहत करायची असते, आणि त्यासाठी ती पुन्हा हात धरते. वर उल्लेखलेल्या टीएसयू-पीआर१ पेशींपासून प्राण्यांच्या शरीरात अधिकाधिक पसरणाऱ्या ओळी काढल्या, तेव्हा सर्वांत जास्त पसरणाऱ्या पेशी उलट अस्तरासारख्या, एकमेकींना धरून असलेल्या दिसल्या. तेव्हा 'ई-कॅडहेरिन कमी म्हणजे वाईट' हे वाक्य गाठीच्या कोणत्या कडेवरचा तुकडा घेतला, कोणत्या दिवशी घेतला, यावर खरं किंवा खोटं ठरतं. मार्कर चंचल नाही. पेशीच चंचल आहे आणि आपण तिचा एकच फोटो काढतो.

याच टी-२४ घराण्यातून आणखी एक सूत निघालं. डॅन थिओडोरेस्क्यू यांच्या गटाने जास्त पसरणारी टी-२४टी ही बहीण-ओळ मूळ ओळीशी ताडून पाहिली आणि आरएचओजीडीआय-२ हे प्रथिन फुप्फुसांतला प्रसार दाबतं असं मांडलं. गाठ जितकी खोल, तितकं ते कमी. २०२३मध्ये याच संशोधकाच्या गटाने पुरुषांच्या गाठींमधल्या वाय गुणसूत्राकडे लक्ष वेधलं. ते हरवलेल्या गाठी रोगप्रतिकारक पेशींना थकवून चकवतात, पण त्याच कारणाने रोगप्रतिकारक उपचारांना जास्त दाद देतात. पुरुषांत हा रोग इतका जास्त का, याचं सगळं खापर बिडी-सिगारेटवर फोडता येत नाही. या शोधाने त्या जुन्या कोड्याकडे जाणारं एक दार किलकिलं झालं.

एकेका प्रथिनाचा नाद सुटल्यावर लोक गाठीतली सगळी जनुकं एकदम वाचू लागले. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अॅटलासने स्नायूत शिरलेल्या १३१ गाठींचा नकाशा २०१४मध्ये आणि ४१२ गाठींचा २०१७मध्ये छापला. प्रत्येक गटाने आपापले वर्ग पाडले, नावं दिली आणि काही काळ कोण कशाला काय म्हणतंय हे कळेनासं झालं. २०२०मध्ये १७५० गाठींची माहिती एकत्र करून सहा वर्गांवर एकमत झालं. त्यांतला सर्वांत मोठा वर्ग बेसल-स्क्वेमस, सुमारे ३५ टक्के. सर्वांत छोटा न्यूरोएंडोक्राइन पेशींसारखा, ३ टक्के. ल्युमिनल गाठी अस्तराच्या वरच्या पेशींची ओळख जपून असतात: गाटा-३, युरोप्लाकिन. बेसल गाठी तळाच्या पेशींसारख्या: केराटिन ५ आणि ६, केराटिन १४, सीडी-४४. बेसल गाठी लवकर पसरतात हे बहुतेकांना मान्य आहे. त्या केमोला जास्त दाद देतात, असंही काही गटांनी मांडलं, पण हे गणित सगळीकडे जुळलेलं नाही.

स्नायूच्या अलीकडच्या गाठींसाठी डेन्मार्कच्या आर्हूस शहरातल्या लार्स डिर्सक्योट यांच्या पुढाकाराने युरोमोल प्रकल्प झाला. २०२१मध्ये ८३४ रुग्णांच्या गाठींतून चार वर्ग निघाले आणि त्यांतला '२ए' सर्वांत जास्त जणांत पुढे सरकणारा ठरला. टी१च्या कोंडीवर उत्तर निघालंच तर या दिशेने निघेल असं मला वाटतं. तरीही आजचा युरोपीय धोका-गणक वय, गाठींची संख्या, आकार, टप्पा, ग्रेड आणि पसरट 'कार्सिनोमा इन सिटू' यांवरच चालतो. त्यात एकही जनुक नाही. हे मागासलेपण म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पहिल्या खरवडणीत स्नायू आला नसेल तर पुन्हा खरवडावं, हा साधा नियम पाळल्याने टी१ रुग्णांना आजवर जेवढा फायदा झाला, तेवढा अजून कुठल्याही जनुक-चाचणीने करून दाखवलेला नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे पैशाचा प्रश्न पडेल, आणि तो रास्त आहे. संपूर्ण जनुकवाचन मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी होतं. पण गाटा-३ आणि केराटिन ५/६ हे दोनच रंग लावून ल्युमिनल-बेसल असा ढोबळ फरक ९० टक्क्यांहून जास्त अचूकतेने सांगता येतो, असं २०१६मध्ये दिसलं. आणि हे रंग महाराष्ट्रातल्या मोठ्या लॅबमध्ये रोज वापरात आहेत. बीसीजीच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. १९७६मध्ये कॅनडात अल्व्हारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांवर वापरलेली ही क्षयाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मूत्राशयासाठीही तयार होते, तर अमेरिकेत तिच्या टंचाईने रुग्णांना ताटकळावं लागलं आहे.

आता जे मार्कर दवाखान्यात पोचले त्यांच्याकडे. गंमत अशी की एफजीएफआर-३, शांत गाठींची खूण म्हणून नावाजलेला, तो पोचला पसरलेल्या रोगाच्या दारातून. पसरलेल्या रोगाच्या पाच-सहा रुग्णांमागे एकात हे जनुक बिघडलेलं असतं आणि त्यावर एर्डाफिटिनिब ही गोळी चालते. अमेरिकेत तिला एप्रिल २०१९मध्ये मान्यता मिळाली. पुढच्या चाचणीत केमोवरचं मध्यम आयुष्य ७.८ महिने होतं, ते गोळीने १२.१ झालं. फायदा माफक आहे. पण रिपोर्टमध्ये 'एफजीएफआर-३' लिहिण्याचं कारण मिळालं: ते वाचून डॉक्टर काहीतरी वेगळं करतो.

नेक्टिन-४ची गोष्ट याहून मजेदार. हेही पेशींना पेशींशी चिकटवणारं प्रथिन. मात्र इथे कुणी त्याची पातळी मोजून भविष्य सांगत बसलं नाही. ते बहुतेक गाठींवर असतं म्हणून त्याचाच हँडल करून विष आत सोडलं. एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन हे औषध पेम्ब्रोलिझुमॅब या रोगप्रतिकारक औषधाच्या जोडीने दिलं तेव्हा पसरलेल्या रोगात मध्यम आयुष्य केमोवरच्या १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांवर गेलं. हे निकाल २०२४मध्ये छापून आले. कित्येक दशकं न हललेला आकडा हलला, आणि औषध द्यायला नेक्टिन-४ची तपासणीही लागत नाही.

सगळ्यांत मोठा बदल मात्र गाठीबाहेर, रक्तात झाला. आतापर्यंतचे मार्कर गाठीचा स्वभाव सांगायचे: ही उद्या पळेल असं वाटतं. मरणाऱ्या कर्कपेशींतून रक्तात सुटलेला डीएनए वेगळं बोलतो: ती पळाली आहे, इथे तिच्या पावलांचे ठसे आहेत. प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले खास बदल आधी वाचून ठेवायचे आणि मग त्याच्या रक्तात फक्त तेच शोधायचे. २०१९मध्ये आर्हूसच्या ६८ रुग्णांच्या अभ्यासात मूत्राशय काढल्यानंतर परतणारा रोग स्कॅनवर दिसण्याच्या साधारणपणे ९६ दिवस आधी रक्तात दिसला. मग एका फसलेल्या चाचणीचा कचरा उकरला गेला. शस्त्रक्रियेनंतर सरसकट सगळ्यांना अटेझोलिझुमॅब हे रोगप्रतिकारक औषध देऊन फायदा झाला नव्हता. पण जपून ठेवलेल्या रक्तात ५८१पैकी २१४ जणांत कर्कडीएनए सापडला होता आणि फायदा त्यांनाच झालेला दिसला. असे मागे वळून काढलेले निष्कर्ष पी-५३च्या वेळीही मोहक होते, म्हणून यावेळी पुढची चाचणी मुद्दाम मार्करभोवती बांधली: रक्तात डीएनए दिसल्यावर तेच औषध किंवा प्लासिबो. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये निकाल आला. रोग परतेपर्यंतचा मध्यम काळ ४.८ महिन्यांवरून ९.९वर, आयुष्य २१.१ महिन्यांवरून ३२.८वर.

म्हणजे पी-५३ जिथे घसरलं, त्या परीक्षेत हा मार्कर उतरला. ज्यांच्या रक्तात तपासणीच्या सगळ्या फेऱ्यांत काहीच दिसलं नाही त्यांना औषध दिलंच नाही, आणि दोन वर्षांनी त्यांतले ८८ टक्के रोगाविना होते. उरलेल्या १२ टक्क्यांच्या रक्तात ठसे का उमटले नाहीत, रोग त्यांच्या मूत्रवाहिनीच्या अस्तरात नव्याने उगवला की जुन्याच काही पेशी रक्तात कणही न सोडता दबून राहिल्या होत्या, हे शोधायला आता पुन्हा गाठीच्या तुकड्यांकडे वळावं लागणार आहे.